दुर्बीणताई

माझी ताई कुणाशीही बोलताना त्याच्या डोक्याच्या जरा वर बघते. लहानपणापासूनची सवय आहे. आमच्या मामांना ही गोष्ट फार लागायची, कारण मामांना ऐन तिशीत टक्कल पडलं होतं. "हिला माझ्या डोक्यावर काय एवढं दिसतं गं?" असं ते आईला विचारायचे आणि रुमाल काढून टक्कल पुसायचे.

ताईला टक्कल दिसतच नव्हतं. टकलाच्या वर नजर लावली की तिला मामांचा चेहरा दिसायचा. सरळ चेहऱ्याकडे पाहिलं की चेहरा पुसला जायचा.

हे घरात कळायला वेळ लागला. ती वाचायला शिकली आणि मग दुसरी-तिसरीत वाचायचं विसरायला लागली, असं सगळ्यांना वाटलं. पुस्तकात नाक खुपसायची, मान वाकडी करायची, शेवटी पुस्तक मिटून ठेवायची. आई म्हणायची आळशी आहे. शाळेतल्या बाई म्हणायच्या उद्धट आहे, बोलताना आमच्याकडे बघत नाही. एक दिवस ती पाणी प्यायला गेली आणि माठाशेजारी ठेवलेल्या रॉकेलच्या बाटलीला हात घातला. बाबांनी तो हात वरच्या वर धरला आणि दुसऱ्याच दिवशी कामावर खाडा करून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर सज्जन होते, पण बोलायला कंजूष. "डोळ्याच्या आत पडदा असतो," ते म्हणाले. "त्याच्या मधोमध बारीक बघणारा भाग असतो, तो झिजतोय. कडेचा शाबूत आहे. आंधळी होणार नाही. पण चष्म्याने सुधारणारही नाही."

"मग आम्ही करायचं काय?" बाबांनी विचारलं.

"जपा," डॉक्टर म्हणाले.

आईने तो शब्द औषधासारखा घेतला आणि पुढची बारा-तेरा वर्षं एक मात्रा चुकवली नाही. रस्त्यात ताईचा हात आईच्या हातात. जिन्यात ताईचा हात आईच्या हातात. दुकानात, दवाखान्यात, शेजारी जायचं तरी हात धरलेला. ताई आईपेक्षा उंच झाली तरी तो हात सुटला नाही, आणि आई कामात असली की तो माझ्याकडे सोपवला जायचा. मी ताईपेक्षा चार वर्षांनी लहान. पण रस्त्यात मीच मोठी.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या पिशवीत लोखंडावर खुणा करायचा जाड पिवळा खडू असायचा. ते संध्याकाळी घरी आले की ताईला गच्चीवर नेत आणि फरशीवर एकेक अक्षर हातभर मोठं काढत. ताई त्या अक्षराभोवती चालत जाऊन ते वाचायची. "आज 'क्ष'ला प्रदक्षिणा घातली," असं ती खाली येऊन सांगायची. एक वाक्य वाचायला अख्खी गच्ची लागे. शाळेचे धडे मी मोठ्याने वाचायचे आणि तिने ऐकून पाठ करायचे, असं आमचं ठरलेलं. त्यामुळे माझ्या वर्गाच्या चार वर्षं पुढचा अभ्यास मला येत असे, आणि माझ्या स्वतःच्या वर्गाचा मात्र येत नसे.

ती चौदा वर्षांची असताना मामांची दुर्बीण पडली.

मामा बंदरावर क्रेन चालवायचे. वर केबिनमध्ये बसून खालच्या पेट्यांवरचे नंबर वाचायला त्यांच्याकडे दोन डोळ्यांची जुनी दुर्बीण होती. ती एक दिवस हातातून निसटली, थेट खालच्या फरसबंदीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. एका नळीचा चुरा, दुसरीला साधं खरचटलंही नाही. "जुळ्यांपैकी एक गेलं," असं म्हणत मामांनी उरलेली नळी खिशातून काढली आणि मला खेळायला दिली. मी दोन मिनिटं खेळले आणि खिडकीत ठेवून दिली. ती ताईने उचलली.

"उलटी धरलीस," मामा म्हणाले.

तिने सुलटी केली. पहिल्यांदा तिला आकाश दिसलं. मग पुन्हा आकाश. मग काहीतरी पिवळं, बहुधा भिंत. नळी स्थिर राहीना म्हणून तिने कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवलं आणि नळीवरची कडी फिरवली. मामा आईशी काहीतरी बोलत होते. मधेच ताईचा आवाज आला, एकेक शब्द वेगळा:

"इथे. सायकली. लावू. नयेत. लावल्यास. हवा. सोडण्यात. येईल."

समोरच्या छापखान्याच्या भिंतीवर ती पाटी होती. रस्त्यापलीकडे. आम्ही सगळे ती रोज बघत होतो. ताईच्या दृष्टीने तिथे आजवर एक पांढरा डाग होता.

मामा आईशी चाललेलं बोलणं सोडून खिडकीशी आले. म्हणाले, "आणि?"

"आणि खाली सायकली लावल्यात," ताई म्हणाली.

बाबा अंगात बनियन असताना तसेच जिना उतरून गेले. रस्ता ओलांडला. पाटीखाली उभे राहिले आणि आमच्या शांत, कमी बोलणाऱ्या बाबांनी खिडकीकडे बघून भर रस्त्यात तोंडं वेडीवाकडी करायला सुरुवात केली. "दिसतंय का?" ते ओरडले.

"दिसतंय! जीभ आत घ्या, बाबा! आणि तुम्ही आज दाढी केली नाहीये!"

बाबांनी गालावरून हात फिरवला. खरंच केली नव्हती. जाणारे-येणारे थांबून बघत होते, आणि बाबा सगळ्यांना सांगत होते, "माझ्या मुलीला माझी दाढी दिसली." त्या लोकांना त्यात काय विशेष ते कळलं नसणार.

इकडे आई पदराला हात पुसत खिडकीपाशी आली. "मला बघ," ती म्हणाली. ताईने नळी तिच्याकडे वळवली, कडी पुढे फिरवली, मागे फिरवली. दुर्बिणीला लांबचं स्पष्ट दिसतं, हातभरावरचं नाही.

"आई, तू फार जवळ आहेस," ताई म्हणाली.

दुर्बीण शाळेत न्यायची की नाही यावरून घरात महाभारत झालं. आईचं म्हणणं, मुलं हसतील. ताईचं म्हणणं, आत्ता काय रडतात? शेवटी ती घेऊन गेली. मुलं हसलीच. पहिल्या तासालाच मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. बाबाही गेले, तेलकट कपड्यांनिशी.

"हा वर्ग आहे, नाटकगृह नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाबा काही बोलणार तेवढ्यात ताईच बोलली. बाईंच्या अंबाड्याकडे बघत बोलली, म्हणजे खरं तर त्यांच्या डोळ्यात बघून. "बाई, नाटकात नाही दिसलं तर तिकीट फुकट जातं. इथे नाही दिसलं तर वर्ष फुकट जातं."

गणिताचे सर तिथेच हजेरीपट घेऊन उभे होते. ते हसले. म्हणाले, "बसू द्या हो तिला. वर्गात निदान एक जण तरी फळ्याकडे बघेल."

त्या वर्षी पोरांनी तिला 'दुर्बीण' नाव ठेवलं. 'ए दुर्बीण' म्हणून मागून हाक मारायचे आणि पळायचे. मग वार्षिक परीक्षेचा निकाल लागला. निकालाचा कागद बाहेरच्या फळ्यावर लावला होता आणि त्याच्यापुढे ही झुंबड, कुणाचा पाय कुणाच्या चपलेत. ताई गर्दीत शिरलीच नाही. समोरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर गेली, कठड्याला कोपर टेकवलं आणि तिथून नंबर वाचायला लागली. एकेक नंबर आणि पुढे पास, नापास. गर्दी फळ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळली. "माझा बघ ना! माझा बघ ना, ताई!" नावाला 'ताई' जोडली गेली ती तिथे. स्वतःचा नंबर तिने सगळ्यात शेवटी वाचला, आणि तोही आवाज न चढवता: पास.

बघायची रीत तिने तिची तीच शोधून काढली. दुर्बीण लावून शोधत बसलं की हाती आकाशच लागतं. आधी साध्या डोळ्याने ठिकाण धरायचं, मान तशीच ठेवायची आणि मग दुर्बीण नजरेच्या रेषेत आणायची. कोपर अंगाला चिकटवून ठेवायचं. श्वास अर्धा सोडायचा. चालताना दुर्बीण खिशात, उभं राहिल्यावरच डोळ्याला. चालताना लावलीस तर खड्डा फार छान दिसेल, पण पाय आधी त्यात गेलेला असेल, असं ती आजही नव्या माणसांना सांगते.

ती कॉलेजातही गेली आणि पास होऊन बाहेर पडली. पण अजून घराबाहेर एकटी पडली नव्हती. दुर्बीण एका हातात असायची आणि दुसरा हात आईच्या नाहीतर माझ्या हातात.

मग तिने रेडिओवर ऐकलं की गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या डोळ्यांच्या इस्पितळात एक नवा विभाग निघालाय. ज्यांचं औषधाने, ऑपरेशनने, नेहमीच्या चष्म्याने काही होत नाही अशांसाठी. ताईने सकाळी जेवता जेवता जाहीर केलं, "मी उद्या जाणार. एकटी."

"मी येते," आई म्हणाली.

"एकटी म्हणजे एकटी, आई. एकटीत दोघी कशा मावणार?"

आईने आदळआपट केली, उपास धरला, सोडला, देवाला आणि बाबांना एकाच दमात बोल लावले. बाबा फक्त म्हणाले, "जाऊ दे तिला." दुसऱ्या दिवशी ताई पर्स खांद्याला लावून निघाली आणि तिच्या मागोमाग आई निघाली. बाबांचा काळा गॉगल, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि स्वतःला ओळखू न येण्याची पूर्ण खात्री.

पुढचं आईनेच आम्हाला सांगितलंय, अनेकदा, आणि दर वेळी स्वतःवर हसत. ताई रस्त्याच्या कडेने, मैलाचा दगड हलावा तशी सावकाश, पण न चुकता बस थांब्यापर्यंत गेली. आई पत्रपेटीमागे दडली. ताईने दुर्बीण काढली. बस यायची त्या दिशेला लावली. मग, बस येईना म्हणून असेल, ती हळूहळू फिरवत फिरवत आणली: झाड, दिव्याचा खांब, दुकानाचं शटर, लाल पत्रपेटी. पेटीपाशी ती थांबली. पेटीखाली दोन पावलं दिसत होती आणि त्यातल्या एका चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

"आई," ताईने हाक मारली, सगळा थांबा ऐकेल अशी. "बस आली की चढायचं असलं तर चढ, नाहीतर घरी जा. पण पेटीमागे उभी राहू नकोस, लोकांना वाटेल पत्रं चोरतेस."

आई बाहेर आली. गॉगल काढला. बस आली, ताईने नंबर वाचला, चढली, गेली.

आई घरी आली तेव्हा मी अभ्यासाला बसले होते. ती स्कार्फ न सोडताच माझ्यासमोर बसली. मला वाटलं दोघींचं भांडण झालं.

"तिने मला बघितलं," आई म्हणाली.

"मग? चिडली?"

"नाही गं. लांबून बघितलं तिने मला. नीट, पायापासून डोक्यापर्यंत. जन्मात पहिल्यांदा बघितलं असेल." आणि आई स्कार्फमध्ये तोंड घालून रडली, आणि मग उठून भात टाकला. त्यानंतर तिने ताईचा हात रस्त्यात कधी धरला नाही. ताई आपण होऊन धरायची, ती गोष्ट वेगळी.

तिकडे इस्पितळात ताईने विभाग शोधून काढला, दारासमोर उभी राहिली, वरची पाटी वाचली आणि जी हसत सुटली ती थांबेना. आतून पांढरा कोट घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. चष्म्याच्या डॉक्टरीणबाई, हा विभाग त्यांनीच भांडून काढला होता.

"काय झालं?"

"काही नाही. पाटीवर 'कमी दुष्टी विभाग' लिहिलंय. म्हणजे इथे दुष्ट लोक जरा कमी असतात का?"

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं, पुन्हा बघितलं आणि डोक्याला हात लावला. "रंगाऱ्याने 'दृ'चा 'दु' केला! आणि ही पाटी लागल्याला महिने झाले. येणाऱ्यांना दिसत नाही आणि आम्ही मान वर करत नाही!" मग त्याही हसायला लागल्या. दोघींची मैत्री तिथे झाली, ती अजून आहे.

बाईंनी ताईसमोर टेबलाचे खण उघडले. बुडाला दिवा असलेली, कागदावर ठेवून सरकवायची भिंगं होती. जाड काचांचे चष्मे होते, ते लावले की कागद अगदी नाकाशी आणावा लागतो पण अक्षर ठसठशीत दिसतं. मधे खिडकी कापलेला काळा पुठ्ठा होता. तो पानावर ठेवला की एकच ओळ उघडी राहते आणि बाकीच्या ओळी मधे मधे करत नाहीत. आणि अंगठ्याएवढी एक दुर्बीण होती, गळ्यात अडकवायची, जवळचंही दाखवणारी. ताईने ती लावून हातभर अंतरावर बसलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला. मग जाड चष्मा लावला, समोरचं पुस्तक नाकाशी नेलं आणि मनातल्या मनात वाचायला लागली. लहानपणानंतर पहिल्यांदा. गच्चीशिवाय आणि माझ्याशिवाय. बाई दुसऱ्या खोलीत जाऊन आल्या, चहा पिऊन आल्या, तरी ती वाचतच होती. पुस्तक कसलं होतं विचारलं तर सांगते, पंप दुरुस्तीचं.

"एक सांगू?" निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही साधनं मी लोकांना देते. ते आनंदाने घेऊन जातात. पुढच्या खेपेला विचारलं की कळतं, डबीत तशीच आहेत. मी भिंग मोजून देऊ शकते. पण ते भर रस्त्यात डोळ्याला लावायचं कसं, हे मला माझ्या धडधाकट डोळ्यांनी कसं शिकवता येणार? मला कुणीतरी हवंय. तू शिकवशील?"

ताईने विचार केला. "शिकवता येतं की नाही माहीत नाही. पण लाज कशी मारायची ते येतं."

"तेच हवंय," बाई म्हणाल्या.

अशी ताई नोकरीला लागली. आईने पेढे नाही की काही नाही वाटलं, नुसती जिन्यातून वर-खाली करत राहिली आणि जो भेटेल त्याला सांगत राहिली. कुणीतरी विचारलं, "इस्पितळात? नर्स म्हणून का?"

"नाही," आई म्हणाली. "माझी मुलगी लोकांना बघायला शिकवते."

आता सगळं सुरळीत चाललं असं नाही. एकदा तर मला चौकीवरून फोन आला. ताई एका नव्या पेशंटच्या घरी जायला निघाली होती. गल्लीत उभी राहून दुर्बिणीने घरांचे नंबर वाचत होती. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी तक्रार केली की एक बाई लोकांच्या घरात डोकावते. हवालदार तिला घेऊन गेला. मी धावतपळत पोचले आणि बघते तर ताई खुर्चीत ऐसपैस बसलेली.

समोर साहेब. हातात तिची दुर्बीण. "हे काय आहे?" ते विचारत होते.

"डोळा," ताई म्हणाली.

"कुणाचा?"

"माझाच. घरचे दोघं कामचुकार निघाले म्हणून बाहेरून एक आणलाय."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. "समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते आधी असंच वाचा."

"भिंत आहे एवढं दिसतं."

"आता हे लावून वाचा."

"'शांतता राखा.' आणि त्याच्या वरचं घड्याळ बंद पडलंय."

साहेबांनी मनगट बघितलं, भिंत बघितली, हवालदाराकडे बघितलं. हवालदार शिडी आणायला पळाला. मग साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. आवाज एकदम बदलला. "बाई, माझी आई हल्ली जेवणाच्या ताटात चाचपडते. आणि माझ्याकडे बघत नाही, कानाकडे बघते. आम्हाला वाटलं रुसलीय."

"कोणत्या कानाकडे?" ताईने विचारलं.

पुढच्या आठवड्यात ते आईला घेऊन आले, पोलिसांच्या जीपमधून. विभागावर धाड पडली असं समजून अर्धं इस्पितळ जमा झालं. त्या आजी आता जाड चष्मा लावून ताटातला खडा वेचून काढतात आणि सुनेला दाखवतात. सुनेने ताईला कधी माफ केलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते कप्तानांबद्दल.

कप्तान म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजांना वाट दाखवून धक्क्याला लावणारे. जन्मभर तेच केलेलं. उतारवयात त्यांच्याही डोळ्यांचा मधला भाग गेला. त्यांची बायको त्यांना जवळजवळ ओढतच विभागात घेऊन आली. ताईने त्यांच्या तळहातावर ती अंगठ्याएवढी दुर्बीण ठेवली. त्यांनी ती चाचपली आणि भडकले.

"मी मैलभरावरून जहाजाचं निशाण ओळखत होतो, पोरी. आणि तू मला ही शिट्टी देतेस?"

"जहाज मोठं होतं, कप्तान. आता बसचा नंबर ओळखायचाय."

"मी बसने जात नाही."

"जात नाहीत, कारण नंबर दिसत नाही," बायको म्हणाली.

घरी गेल्यावर दुर्बीण मोज्यांच्या खणात गेली. बायकोने फोन करून कळवलं. ताई म्हणाली, मी येते. त्या दिवशी मला सुट्टी होती, मीही बरोबर गेले. कप्तान खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, खिडकीबाहेर तोंड करून, जसं काही दिसतंय. ताईने बस, नंबर, रस्ता हे शब्दच काढले नाहीत. खुर्ची आत वळवली आणि विचारलं, "समोर काय आहे?"

"टेबल. कपाट. आणि बहुधा माझी बायको."

"बहुधा?"

"भांड्यांचा आवाज येतोय, म्हणून."

"थांबा हं, काकू, हलू नका," ताई म्हणाली. "कप्तान, सरळ बघू नका. तिच्या डोक्याच्या थोडं वर बघा. सापडलं का ठिकाण? मान तशीच ठेवा. आता नळी डोळ्यासमोर आणा. कोपर अंगाला. कडी फिरवा, सावकाश."

कप्तान पुटपुटत होते, सवयीने, जहाजावर हुकूम द्यावा तसे. "डावीकडे. अजून थोडं. बस. हळू, हळू." आणि मग कडी फिरायची थांबली. काकूंच्या हातात चमचा तसाच. गॅसवर काहीतरी खदखदत होतं.

"केस कधी कापलेस?" कप्तानांनी विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, छान दिसतात."

मला हसू आवरेना. ताईने माझ्या पायावर पाय दिला. कप्तान नळी खाली घेईनात. त्यांचा हात भरून आला असणार, पण कोपर अंगाला घट्ट होतं, शिकवल्याप्रमाणे. "छानच दिसतात," ते म्हणाले. "कानाशी ते पांढरे... छान दिसतात."

"पुरे आता. आमटी ऊतू जाईल," काकू म्हणाल्या आणि पाठ फिरवली. पाठ फिरवल्यावर केस नीट केले, ते मी पाहिलं.

त्यानंतर कप्तानांना आवरणं कठीण झालं. ते विभागात रोज यायला लागले. नव्या माणसांना ताईने रीत शिकवायची आणि मग रस्त्यावर नेऊन कप्तानांनी सराव करून घ्यायचा, असं कामच वाटून घेतलं. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या तेव्हा शिकवण्याचं सगळं काम ताईच्या हाताखाली आलं. आज तिच्याकडे पाच शिकवणारे आहेत, त्यातल्या चौघांना स्वतःलाच कमी दिसतं. ताईचीही नजर मधल्या काळात आणखी उतरली. तिने त्याचा गवगवा केला नाही. खणातून एक जास्त ताकदीची दुर्बीण काढली, दोन-चार दिवस हात बसेपर्यंत चिडचिड केली आणि कामाला लागली.

परवाच मी कामाला निघाले होते. नेहमीची बस काही आली नाही, म्हणून दुसऱ्या मार्गाची घेतली. इस्पितळाजवळच्या थांब्यापाशी येत होतो आणि खिडकीतून मला दिसलं, थांब्यावर सात-आठ माणसं ओळीत उभी. एक आजोबा, कॉलेजातली दोन पोरं, एक गरोदर बाई, एक सुटाबुटातला गृहस्थ. प्रत्येकाच्या डोळ्याला अंगठ्याएवढी नळी आणि सगळ्या नळ्या आमच्या बसवर रोखलेल्या. मागे कप्तान काठी टेकून ओरडत होते, "कोपर! कोपर अंगाला! तो नंबर पळून जात नाहीये!" आणि ओळीच्या शेवटी ताई.

ड्रायव्हर बिचकला. बस थांब्यापासून लांबच उभी केली आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं हो? गाडीला काही लागलंय का?"

"काही नाही, दादा," ताई म्हणाली. "तुमचा नंबर वाचतोय. सुरेख दिसतोय."

ओळीतल्या सगळ्यांनी एका सुरात नंबर म्हटला. बसमधली माणसं उठून त्या बाजूच्या खिडक्यांना आली. ड्रायव्हरने कॉलर सरळ केली, गाडी हळूच पुढे घेतली आणि अगदी थांब्याला चिकटवून उभी केली, पायरी बरोबर त्या आजोबांसमोर येईल अशी.

"कोण आहेत त्या?" माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं.

"माझी ताई," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले असणार, कारण पुढचे दोघं वळून बघायला लागले.

"मग उतरणार नाही का भेटायला?"

"छे, आत्ता नको," मी म्हणाले. "ती कामात आहे."